एका संपाचे कागद चार कपाटांत: औद्योगिक संबंधांच्या संशोधनासाठी विद्यापीठाचं ग्रंथालय कसं वापरायचं

दरवर्षी पावसाळा सुरू झाला की एखादा तरी विद्यार्थी 'औद्योगिक संबंध: एक चिकित्सक अभ्यास' असा विषय घेऊन येतो. कोणता उद्योग, कोणती वर्षं, कोणाचे कोणाशी संबंध, यातलं काही ठरलेलं नसतं. तो ग्रंथालयाच्या संगणकावर 'औद्योगिक संबंध' असं टाइप करतो. ढीगभर नोंदी येतात, त्यातली निम्मी एमबीएची क्रमिक पुस्तकं. आठवड्याने परत येऊन तो सांगतो, "सर, लायब्ररीत काहीच नाही."

असतं. पण 'औद्योगिक संबंध' नावाच्या कपाटात नसतं. संप, टाळेबंदी, करार, बडतर्फी अशी कोणतीही घटना घ्या, ती साधारण चार हातांत कागद ठेवून जाते: सरकारच्या, न्यायालयाच्या, युनियनच्या आणि वर्तमानपत्राच्या. ग्रंथालयात हे चार प्रकार चार ठिकाणी बसतात आणि एका ठिकाणच्या माणसाला दुसऱ्या ठिकाणी काय आहे हे ठाऊक असेलच असं नाही. ते एकत्र आणणं हेच आपलं काम. ते कसं करायचं ते मी एकाच उदाहरणावर दाखवतो, म्हणजे मुंबईच्या गिरणी संपावर. १८ जानेवारी १९८२ रोजी तो सुरू झाला, डॉ. दत्ता सामंत त्याचे नेते होते आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तुमचा विषय चाकणची वाहन कंपनी असो की नागपूरची सूतगिरणी, वाट हीच राहते.

आधी प्रश्न एका तंट्यावर आणा

ग्रंथालयात पाऊल टाकण्यापूर्वी कागदावर एक वाक्य लिहा. त्यात उद्योग, गाव, वर्षं आणि एक 'का' किंवा 'कसं' हवं. आपल्या उदाहरणापुरता प्रश्न असा: १९८२ मध्ये मुंबईतल्या गिरणी कामगारांना आपल्या पसंतीच्या युनियनतर्फे मालकांशी वाटाघाटी का करता आल्या नाहीत?

एवढ्या एका प्रश्नातून शोधाच्या दिशा आपोआप निघतात. वाटाघाटींचा हक्क होता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. का? तर मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ खाली ती 'प्रातिनिधिक युनियन' होती. हा कायदा कुठून आला? १९३८ च्या मुंबई औद्योगिक विवाद कायद्यातून. आणि १९३८ चा कायदा १९३४ च्या कायद्यातून. म्हणजे १९८२ चा अभ्यास करायला निघालेला माणूस १९३४ पर्यंत मागे जाणार हे पहिल्याच दिवशी कळलं. वेळापत्रक त्या हिशेबाने करा, नाहीतर ऐन सादरीकरणाच्या महिन्यात १९३८ च्या विधिमंडळातले वाद शोधत बसाल. मी बसलो आहे.

शब्दांची वही

हा भाग बहुतेक जण टाळतात आणि तिथेच फसतात. कॅटलॉग तुमच्या मनातला शब्द ओळखत नाही. ज्या माणसाने ज्या काळात नोंद केली, त्याचा शब्द तेवढा तो ओळखतो. म्हणून एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक संकल्पनेसमोर तिची सगळी नावं लिहा.

संपासाठी मराठीत संप, हरताळ, कामबंद आंदोलन. इंग्रजी कॅटलॉगमध्ये विषयशीर्षक बहुधा 'स्ट्राइक्स अँड लॉकआउट्स' असं जोडूनच असतं, त्यामुळे नुसतं 'स्ट्राइक' टाकलं तर काही नोंदी हातच्या जातात. युनियनसाठी जुनं शीर्षक 'ट्रेड युनियन्स', पुढे अमेरिकन पद्धतीने 'लेबर युनियन्स'. आणि या 'लेबर'चं ब्रिटिश स्पेलिंग 'यू' घालून, अमेरिकन 'यू'शिवाय. दोन्ही टाकून शोधा. जिथे सोय असेल तिथे शब्दाच्या शेवटी तारा चिन्ह लावा, म्हणजे एकवचन-अनेकवचनाची कटकट मिटते.

मग गावांची नावं: मुंबई, बॉम्बे, बंबई. कायद्याचीही नावं बदलतात. महाराष्ट्राने आपल्या जुन्या अधिनियमांच्या नावांतलं 'मुंबई' काढून 'महाराष्ट्र' घातल्यापासून १९४६ चा तो कायदा 'महाराष्ट्र औद्योगिक संबंध अधिनियम' झाला. जुन्या निकालांत तो 'बीआयआर ॲक्ट' म्हणून सापडेल, नव्यांत 'एमआयआर ॲक्ट' म्हणून. एकच कायदा, दोन कप्पे.

सरहद्दी तर सर्वांत फसव्या. १९६० पूर्वीचं मुंबई राज्य म्हणजे गुजरातसुद्धा, त्यामुळे अहमदाबादच्या गिरण्या तुमच्या आकडेवारीत मिसळलेल्या असतात. उलट विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाडात, नंतर मध्य प्रदेशात होता आणि मराठवाडा हैदराबाद संस्थानात. नागपूरच्या एम्प्रेस मिलचे १९४८ चे कागद मुंबई सरकारच्या अहवालांत शोधणाऱ्या एका मुलीचे दोन महिने असेच गेले. तिथे लागू होता तो मध्य प्रांत-वऱ्हाडचा १९४७ चा वेगळाच औद्योगिक विवाद कायदा.

कपाटापाशी

बऱ्याच विद्यापीठांत ड्युई दशांश पद्धतीने पुस्तकं लावलेली असतात. आपल्या कामाचे आकडे पाठ करून ठेवा: ३३१ म्हणजे श्रम-अर्थशास्त्र, त्यातलं ३३१.८८ युनियन, ३३१.८९ सामूहिक सौदा आणि तंटे, ३३१.८९२ संप. कामगार कायदा मात्र ३४४ मध्ये, बहुतेकदा दुसऱ्या दालनात. व्यवस्थापनाच्या नजरेने लिहिलेलं ६५८.३ मध्ये. मुंबईचा इतिहास ९५४ मध्ये. एकाच तंट्याबद्दलची चार पुस्तकं चार मजल्यांवर असण्याचं कारण हेच. ३३१ मध्ये कामगार हा श्रमिक असतो, ६५८ मध्ये तोच 'मनुष्यबळ' होतो. हा फरक नुसता आकड्यांचा नाही, म्हणून दोन्हीकडची पुस्तकं वाचा.

एक पुस्तक सापडलं की त्याच्या डावी-उजवीकडची हातभर पुस्तकं काढून पाहा. संगणकावर जे सापडत नाही ते असं सापडतं. आणि शेवटची संदर्भसूची आधी वाचा, प्रस्तावना नंतर.

सरकारचे कागद

सगळ्यात जास्त माल इथे आहे आणि सगळ्यात कमी लोक इथे येतात.

मुंबई सरकारने १९२१ मध्ये कामगार कार्यालय काढलं आणि त्याच वर्षी 'लेबर गॅझेट' हे मासिक सुरू केलं. महागाईचे निर्देशांक, पगाराच्या चौकश्या, लवादांचे निवाडे आणि दर महिन्याच्या तंट्यांचा तक्ता त्यात येतो. ग्रंथालयात हे पुस्तक म्हणून मागू नका, नियतकालिक विभागात 'बाउंड व्हॉल्यूम' म्हणून मागा. आमच्याकडच्या खंडांच्या पाठीवर सोनेरी अक्षरं पुसली गेली होती, म्हणून तिथल्या शिपायाने पांढऱ्या पट्टीवर शाईने वर्षं लिहून चिकटवली होती. त्याच्याइतकी त्या कपाटाची माहिती ग्रंथपालांनाही नव्हती. अशा माणसाशी पहिल्याच दिवशी ओळख करून घ्या. चहाला विचारा.

त्या तक्त्याचं एक पान समोर घेऊ. डावीकडे कारखान्याचं नाव आणि ठिकाण, मग कामगारांची अंदाजे संख्या, तंटा सुरू झाल्याची तारीख, संपल्याची तारीख, कारण आणि निकाल. कारणाच्या रकान्यात चार-सहा शब्द: पगारवाढीची मागणी, मुकादमाला काढल्याचा निषेध, अमुक माणसाला परत घ्या. एका ओळीत एक अख्खा तंटा. आता एका गिरणीचं नाव धरा आणि दहा वर्षांच्या खंडांतून तिच्या ओळी वेगळ्या वहीत उतरवा. वीस-पंचवीस ओळी झाल्या की दिसायला लागतं की तंटे कोणत्या महिन्यात उठतात, कोणत्या खात्यात, कशावरून, आणि 'निकाल' रकान्यात कामगार बिनशर्त कामावर परतले असं किती वेळा येतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते दुसऱ्या कोणी केलेलं नसतं. म्हणूनच ते तुमचं.

देशपातळीवर हेच काम लेबर ब्युरो करतं. त्याचं 'इंडियन लेबर जर्नल' आणि 'इंडियन लेबर इयर बुक' यांचे संच विद्यापीठांत असतात. आकडे उचलण्यापूर्वी व्याख्येचं पान वाचा. औद्योगिक तंट्यांच्या या आकडेवारीत दहा किंवा अधिक कामगार असलेलेच कामबंद धरले जातात. छोट्या वर्कशॉपमधला सात जणांचा संप तिथे घडलेलाच नाही. शिवाय माहिती वरपर्यंत पोचते ती राज्यांच्या कामगार खात्यांकडून, तेव्हा एखाद्या राज्यात एका वर्षी संप एकदम कमी झालेले दिसले तर शांतता नांदली असं लिहिण्याआधी त्या राज्याची माहिती पूर्ण आली होती का ते तळटिपेत पाहा.

आयोगांचे अहवाल तिसरे. कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला ब्रिटिश सरकारने १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये आला. बहुतेक जण तो मुख्य अहवाल चाळून थांबतात. खरा ऐवज त्याच्या पुराव्यांच्या खंडांत आहे, जिथे गिरणीमालक, युनियनवाले, डॉक्टर, अधिकारी यांनी दिलेल्या लेखी-तोंडी साक्षी प्रांतवार छापल्या आहेत. मुंबई प्रांताचा खंड वेगळा मागा. स्वातंत्र्यानंतरचे दोन राष्ट्रीय श्रम आयोग म्हणजे न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांचा, १९६६ मध्ये नेमलेला आणि १९६९ मध्ये अहवाल दिलेला, आणि रवींद्र वर्मा यांचा, ज्याचा अहवाल २००२ चा. आपल्या प्रश्नासाठी दोन्हींत युनियनच्या मान्यतेचं प्रकरण उघडा. गुप्त मतदानाने ठरवायचं की सभासदसंख्या तपासून, हा वाद तिथे सविस्तर सापडतो.

चौथा कागद विसरला जातो तो म्हणजे शासकीय राजपत्र. महाराष्ट्र शासन राजपत्राचा 'भाग एक-ल' हा कामगारविषयक. अधिसूचना आणि औद्योगिक न्यायालयांचे निवाडे त्यात छापले जात. विद्यापीठांत ते बऱ्याचदा तळघरात दोरीने बांधलेलं असतं आणि कॅटलॉगमध्ये त्याची एकच ओळ असते. चिठ्ठीवर 'राजपत्र' एवढंच न लिहिता भाग, वर्ष आणि महिना लिहा. माझ्या एका चिठ्ठीला "बाइंडिंगला गेलंय" असं उत्तर चार महिने मिळत होतं. शेवटी त्या वर्षाचे अंक दुसऱ्या ग्रंथालयात पाहिले.

कायदा आणि निकाल

कायद्याचा मजकूर वाचताना पहिला प्रश्न: हा कोणत्या तारखेचा मजकूर? आजचा कायदा सरकारी 'इंडिया कोड' संकेतस्थळावर मिळतो, पण तुम्हाला हवा १९८२ मध्ये लागू असलेला. त्यासाठी विधी ग्रंथालयातली त्या काळातली टीकेसह छापलेली आवृत्ती मागा. एरवी रद्दी समजली जाणारी जुनी आवृत्ती इथे सोन्याची. कलमाखालच्या बारीक अक्षरातल्या दुरुस्तीच्या टिपा उतरवून घ्या, कोणत्या वर्षी कोणता शब्द बदलला ते त्यातच असतं.

आता आपला प्रश्न कलमांवर ठेवून पाहू. १९४६ च्या कायद्यात एका स्थानिक क्षेत्रातल्या अख्ख्या उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन, आणि त्यासाठी किमान २५ टक्के सभासदत्वाची अट. मूळ कायद्यात ही अट आणखी कमी होती. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित श्रम प्रथा प्रतिबंध कायद्यात मोजणीचा घटक म्हणजे एकेक कारखाना, आणि आधीच्या सहा महिन्यांत किमान ३० टक्के सभासद. केंद्राच्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये एकट्याने वाटाघाटी करायच्या तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिने १९२६, १९४६ आणि १९४७ चे तीन केंद्रीय कायदे पोटात घेतले (यातला १९४६ चा म्हणजे स्थायी आदेशांचा केंद्रीय कायदा, आपला मुंबईचा नव्हे). या तीन ओळी एकाखाली एक लिहिल्या की प्रबंधाचं एक प्रकरण उभं राहतं: २५, ३० आणि ५१, आणि मोजणी कोणत्या पातळीवर. मुंबईतल्या एखाद्या गिरणीतले झाडून सारे कामगार दुसऱ्या युनियनकडे गेले तरी १९४६ च्या कायद्याखाली मोजणी मुंबईच्या अख्ख्या गिरणीधंद्याची. कामगारांचा राग टक्क्यांवर कमी आणि मोजपट्टीवर जास्त होता, असं मला वाटतं.

कायदा झाला तेव्हा कोण काय बोललं, हेही पाहा. मुंबई विधिमंडळाचे कामकाज-खंड मोठ्या ग्रंथालयांत असतात. ते हाताला लागेनात तर एक सोपी वाट आहे. १९३८ च्या विधेयकावरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं विधानसभेतलं भाषण राज्य सरकारने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या इंग्रजी मालिकेच्या दुसऱ्या खंडात आहे. संप करण्याचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचंच दुसरं नाव, ही त्यांची मांडणी मुळातून वाचा. त्याच विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला होता. भाषण एका कपाटात, त्या संपाच्या बातम्या दुसऱ्यात. जोडायचं आपण.

निकालांकडे वळू. नव्या माणसाला 'एआयआर १९७८ एससी ५४८' हे मंत्रासारखं वाटतं. उलगडा सोपा आहे. नागपूरहून निघणाऱ्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'चा १९७८ चा खंड, सर्वोच्च न्यायालयाचा विभाग, पान ५४८. तिथे बंगळुरू पाणीपुरवठा मंडळाचा सात न्यायमूर्तींपुढचा खटला आहे, 'उद्योग' म्हणजे काय यावरचा. रुग्णालय, विद्यापीठ, क्लब हे उद्योग का, असा प्रश्न तुमच्या अभ्यासात येणार असेल तर तिथूनच सुरुवात. कामगार खटल्यांसाठी वेगळे खंडही आहेत: 'लेबर लॉ जर्नल' म्हणजे एलएलजे, 'फॅक्टरीज अँड लेबर रिपोर्ट्स' म्हणजे एफएलआर आणि एआयआरवाल्यांचंच 'लेबर अँड इंडस्ट्रियल केसेस', म्हणजे लॅब आयसी. सर्वोच्च न्यायालयापर्यंत न गेलेले तंटे यांत भेटतात.

आपल्या प्रश्नासाठी दोन निकाल पुरेत: एआयआर १९६२ एससी ८९० आणि एआयआर १९७८ एससी २०२. दोन्ही तंटे गुजरातमधले, कारण हा मुंबईचा कायदा राज्य फुटल्यावर तिकडेही राहिला. न्यायालयाने सांगितलं की या कायद्याखालच्या कामकाजात प्रातिनिधिक युनियन उभी राहिली की कामगाराला स्वतःची वेगळी बाजू मांडता येत नाही, आणि युनियन प्रामाणिकपणे वागते आहे का हा प्रश्नही तिथे उठत नाही. १९८२ च्या चार वर्षं आधीचा हा दुसरा निकाल वाचल्याशिवाय संपातला 'युनियन बदला' हा घोष नीट ऐकूच येत नाही.

निकाल वाचायची माझी रीत सांगतो. सुरुवातीचा सारांश-टिपणीचा भाग संपादकाने लिहिलेला असतो, न्यायाधीशाने नव्हे, म्हणून तो कधीही उद्धृत करायचा नाही. आधी घटनाक्रम वाचायचा, कारण तिथे कारखान्याचं, पगाराचं, खात्याचं असं तपशीलवार चित्र मिळतं जे पुस्तकांत येत नाही. मग शेवट. मग मधलं. नंतर त्या निकालाचं पुढे काय झालं ते तपासायचं. विद्यापीठाच्या विधी विभागात सशुल्क कायदे-डेटाबेस असेल तर ते काम दहा मिनिटांचं. नसेल तर 'इंडियन कानून' हे मोफत संकेतस्थळ आहे आणि सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत अहवालही आता फुकट वाचता येतात.

लेख, प्रबंध आणि घरबसल्या जे होतं ते

नियतकालिकांत तीन नावं आधी: 'इंडियन जर्नल ऑफ इंडस्ट्रियल रिलेशन्स', 'इंडियन जर्नल ऑफ लेबर इकॉनॉमिक्स' आणि मुंबईतून निघणारं 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'. गिरणी संप चालू असतानाचे वीकलीचे अंक तारखेप्रमाणे ओळीने वाचा. नंतरच्या लेखांत शहाणपण असतं, पण त्या वेळी काय माहीत नव्हतं हे त्या वेळच्या अंकांतच कळतं.

२०२५ पासून केंद्राच्या 'एक देश, एक सदस्यता' योजनेत सरकारी विद्यापीठांना सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली झाली आहेत. अनुदानित महाविद्यालयांसाठी विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राची 'एन-लिस्ट' ही तशीच ऑनलाइन सोय आहे. दोन्हींसाठी लॉगिन ग्रंथपालच देतात, आणि घरून वापरायचं असेल तर तसं स्पष्ट सांगून वेगळी नोंदणी करून घ्या. हे पहिल्या आठवड्यात उरका. पासवर्ड ऐन सुट्टीत बंद पडतो हा सृष्टीचा नियम आहे.

'शोधगंगा'वर देशभरातले पीएचडी प्रबंध मिळतात, प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलमध्ये. आमच्या विषयाचे प्रबंध एकाच विभागात नसतात. वाणिज्य, अर्थशास्त्र, समाजकार्य, विधी, राज्यशास्त्र, इतिहास, सगळीकडे डोकवा. मराठीतले जुने प्रबंध शोधताना एक अडचण ठरलेली आहे. ते श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेले असतात, त्यामुळे फाइलच्या आत 'संप' शोधला तर काही सापडत नाही, आणि मजकूर कॉपी केला तर चिन्हांची खिचडी मिळते. अनुक्रमणिका उघडा आणि डोळ्यांनी वाचा. दुसऱ्याच्या प्रबंधातली प्रश्नावली आणि परिशिष्टं नक्की पाहा. युनियनबरोबरचे करार पुष्कळदा परिशिष्टात जसेच्या तसे असतात.

जुनी सरकारी प्रकाशनं पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने मोठ्या संख्येने स्कॅन करून खुली ठेवली आहेत. 'इंटरनेट आर्काइव्ह'वरही पुष्कळ आहेत, पण तिथली शीर्षकं इतकी अर्धवट की आयोगाचं नाव टाकून मिळालं नाही तर वर्ष आणि एखादा शब्द टाकून बघावं लागतं.

युनियनचे आणि वर्तमानपत्रांचे कागद

इथे विद्यापीठ थोडं कमी पडतं. युनियनची पत्रकं, अधिवेशनांचे अहवाल, गेटवर वाटलेल्या चोपड्या ग्रंथालयांनी फारशा जमवल्या नाहीत. कोणी देणगी दिलेल्या संग्रहात एखादं खोकं असतं, कॅटलॉगमध्ये 'किरकोळ' म्हणून. थेट विचारा: कोणा कामगार पुढाऱ्याचा किंवा प्राध्यापकाचा संग्रह आला आहे का?

वर्तमानपत्रांच्या बाबतीत तारखांची यादी आधी करा, मग चिठ्ठी भरा. 'नवाकाळ', 'लोकसत्ता', 'महाराष्ट्र टाइम्स' आणि एक इंग्रजी, अशी एकाच दिवसाची चार पत्रं शेजारी ठेवून वाचा. मोर्चाची संख्या प्रत्येकात वेगळी असते. ती संख्या महत्त्वाची नाही, कोणी किती सांगितली हे महत्त्वाचं. वाचकांची पत्रं आणि छोट्या जाहिराती सोडू नका. कामावर हजर व्हा अशी व्यवस्थापनाची जाहीर सूचना जाहिरातीच्याच पानावर असते.

एकोणिसाव्या शतकात जायचं असेल, म्हणजे आद्य कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या 'दीनबंधू' पत्राच्या काळात, तर मूळ अंक विस्कळीत मिळतात. पण ब्रिटिश सरकार देशी पत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी गोषवारे दर आठवड्याला करून घेत असे. ते मुंबईत महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात आहेत. गोषवारा करणारा सरकारी माणूस होता, हे विसरू नका.

दुसऱ्याच्या दारात

आपल्या विद्यापीठात नाही म्हणजे नाहीच असं नाही. ग्रंथपालांना 'डेलनेट' या ग्रंथालयांच्या जाळ्यातून आंतरग्रंथालयीन देवघेव करायला सांगा. मुंबईत कालिन्याचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं सर दोराबजी टाटा स्मारक ग्रंथालय आणि परळला लोखंडे यांच्याच नावाची महाराष्ट्र श्रमविज्ञान संस्था. पुण्यात जयकर ग्रंथालय आणि गोखले संस्था. नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेत भारतीय कामगारांच्या कागदपत्रांचा डिजिटल संग्रह आहे.

जाताना मार्गदर्शकांचं पत्र, विद्यापीठाचं ओळखपत्र, दोन फोटो आणि थोडे सुटे पैसे. पत्रात 'ग्रंथालय वापरू द्यावे' असं मोघम नको. कोणती नियतकालिकं, कोणती वर्षं, किती दिवस, हे लिहा. आदल्या दिवशी फोन करून ते खंड जागेवर आहेत ना विचारा.

परदेशात शिकणाऱ्या मराठी मुलांना एक सांगणं. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाचं दिल्ली कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतली प्रकाशनं अमेरिकेतल्या विद्यापीठांसाठी घेत आलं आहे. पुण्यात न मिळणारं मराठी पुस्तक शिकागोत मिळू शकतं. तिथल्या दक्षिण आशिया विभागाच्या ग्रंथपालांना लिहा, ते मनापासून उत्तर देतात.

नोंदी आणि तारखांचा तक्ता

एकदा मी दोनशे पानांचे फोटो काढले आणि मुखपृष्ठाचा काढला नाही. कोणत्या वर्षाचा खंड हे शोधायला परत जावं लागलं, आणि तोपर्यंत दिवाळीची सुट्टी लागली. तेव्हापासून नियम असा: पहिला फोटो मुखपृष्ठाचा, दुसरा मागणीच्या चिठ्ठीचा कॉल नंबरसकट, मग मजकूर. रात्री घरी आल्याबरोबर फाइलला नाव. संदर्भ नोंदवून ठेवायला झोटेरोसारखं मोफत सॉफ्टवेअर वापरा, पण राजपत्र आणि निवाडे त्यात हाताने भरावे लागतात.

शेवटी चारही कपाटांतला माल एका तक्त्यात आणा. डावीकडे तारीख, पुढे चार रकाने: सरकार, न्यायालय, युनियन, वर्तमानपत्र. एका तारखेसमोर जिथे चारही रकाने भरतात तिथे प्रकरण लिहायला घ्या. जिथे एकच भरतो तिथे आणखी शोधा.

गिरणी संपाच्या तक्त्यात सुरुवातीची ओळ सोपी आहे, १८ जानेवारी १९८२. पुढे १८ ऑक्टोबर १९८३ ला केंद्राने मुंबईतल्या १३ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं, तीही तारीख राजपत्रातून पक्की करता येते. अडखळायला होतं ते 'लेबर गॅझेट'च्या तक्त्यात असतो त्या 'संपल्याची तारीख' या रकान्याशी. हा संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. तिथे वाटेल ते वर्ष भरू नका. रकाना कोरा ठेवा आणि खाली लिहा, कोणत्या कागदाने तो संप केव्हा संपल्याचं धरलं आहे.